ईमेल ग्रुपचं बिऱ्हाड चर्चामंचावर हलवताना

आमचा गडकोट भटकणाऱ्यांचा ईमेल ग्रुप दीड तपाहून जास्त चालला. कुठल्या गडावरचं टाकं एप्रिलमध्ये आटतं, कुठल्या वाटेवरच्या खोदीव पायऱ्या ढासळल्या आहेत, पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी कोण करून देतं, ही सगळी माहिती त्या पत्रांत साठलेली. नवा सभासद आला की तेच प्रश्न विचारायचा. कुणीतरी जुनं माणूस सांगायचं, "यावर पूर्वी सविस्तर बोलणं झालंय." पण ते बोलणं नेमकं कुठे आहे, हे कुणालाच दाखवता यायचं नाही. शेवटी आम्ही सगळा ग्रुप डिस्कोर्स या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या वेब-चर्चामंचावर हलवला. मी त्या कामात सुरुवातीपासून होतो. तुमचा ग्रुप माजी विद्यार्थ्यांचा असो, पक्षी पाहणाऱ्यांचा असो की मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांचा, काम बरंचसं असंच असतं.

आमच्यात सत्तरी ओलांडलेले एक काका आहेत. टाकी, चोरवाटा, गुहा यांबद्दल त्यांच्याइतकी माहिती कुणालाच नाही. ते वेबसाइटवर लॉगइन करत नाहीत. सकाळी चहा घेताना मेल उघडतात आणि तिथूनच उत्तर देतात. कामाची प्रत्येक पायरी मी एकाच प्रश्नावर तपासली: यानंतर काकांचं उत्तर येईल का? तुमच्याही ग्रुपात असे काका किंवा मावशी असतील. त्यांची नावं आजच एका कागदावर लिहून ठेवा, तुमची खरी चाचणी त्यांच्यावरच होणार आहे.

हलवायचं का, ते आधी ठरवा

हलवलंच पाहिजे असं काही नाही. लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं काम आजही मेलिंग लिस्टवरच (एका पत्त्यावर आलेलं पत्र सगळ्या सभासदांना पोचवणाऱ्या यादीवर) चालतं, आणि कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचंही. तिथे कोडमधले बदल थेट ईमेलमधून पाठवले जातात आणि माणसांची हत्यारं त्याच पद्धतीभोवती घडलेली आहेत. तुमच्या ग्रुपात चाळीस माणसं असतील, महिन्याला दहा पत्रं येत असतील आणि कुणाची तक्रार नसेल, तर उगाच खटाटोप करू नका.

हलवण्याची कारणं वेगळी असतात. नवी माणसं येत नाहीत, कारण बाहेरून ग्रुप दिसतच नाही. एकाच विषयावरची चर्चा चार वेगवेगळ्या शीर्षकांखाली विखुरते. नियमांबाहेरचं पत्र एकदा गेलं की ते सगळ्यांच्या पेटीत पोचलेलं असतं, परत घेता येत नाही. मोठ्या प्रकल्पांनी हीच कारणं दिली. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मुख्य विकासकांनी २०१८ मध्ये डिस्कोर्सवर चर्चा सुरू केली आणि २०२२ पर्यंत त्यांच्या महत्त्वाच्या चर्चा तिथे गेल्या. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाने २०२२ च्या सुरुवातीला आपल्या याद्या जुन्या पत्रांसकट हलवल्या. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पाने त्याच वर्षी आपल्या मेलिंग लिस्ट बंद केल्या.

"मग व्हॉट्सॲप काय वाईट?" हा प्रश्न तुम्हाला शंभर टक्के विचारला जाईल. उद्या सकाळी किती वाजता भेटायचं, यासाठी व्हॉट्सॲप उत्तमच आहे. पण आज आलेल्या माणसाला दहा वर्षांपूर्वीची चर्चा तिथे मिळत नाही. ग्रुपची आठवण टिकवायची असेल तर ती जागा नव्हे.

मधला मार्गही आहे. मेलमन या यादी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर हायपरकिटी नावाचं वेब संग्रहालय मिळतं. त्यात जुनी पत्रं ब्राउझरमध्ये वाचता येतात, शोधता येतात, तिथून उत्तरही देता येतं. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने २०२१ मध्ये आपल्या याद्या याच आवृत्तीवर नेल्या. तुमची तक्रार फक्त "जुनं सापडत नाही" एवढीच असेल तर हे पुरतं. दुसरी, म्हणजे जुनी आवृत्ती अजून चालवत असाल तर मात्र वाट पाहू नका. ती पायथॉन २ वर चालते आणि पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला.

पत्रं आजच उतरवून घ्या

निर्णय व्हायचा तेव्हा होऊ दे. जुन्या पत्रांची प्रत मात्र आज संध्याकाळीच काढा. याहू ग्रुप्सचं काय झालं ते आठवा. ऑक्टोबर २०१९ मध्ये घोषणा झाली, त्याच महिन्यात नवं काही चढवणं बंद झालं, सगळा साठा पुसायची तारीख आधी डिसेंबरची होती, ती ओरड झाल्यावर ३१ जानेवारी २०२० पर्यंत लांबली. डिसेंबर २०२० मध्ये सेवाच बंद झाली. जगभरच्या किती छोट्या गटांची दोन-दोन दशकांची पत्रं त्या चार महिन्यांत घाईघाईने उतरवावी लागली असतील, आणि कितींची राहून गेली असतील! मोफत जागेवर ठेवलेली आठवण भाड्याच्या खोलीत ठेवलेल्या ट्रंकेसारखी असते.

प्रत हवी ती एमबॉक्स या प्रकारात. ही एक साधी लांबलचक मजकुराची फाइल असते, तिच्यात सगळी पत्रं एकाखाली एक रचलेली असतात.

गूगल ग्रुप्सवर असाल तर ग्रुपचा मालक असलेल्या खात्यातून टेकआउट ही सोय वापरा. तिच्यातून पत्रांची एमबॉक्स फाइल आणि सभासदांची यादी मिळते. नुसते सभासद असाल तर हे होत नाही, म्हणून मालक कोण आहे ते आधी शोधा. हे वाटतं तेवढं सोपं नसतं. ज्याने २००५ मध्ये ग्रुप काढला तो आता परदेशात असतो, ते खातं वापरत नाही, पासवर्ड विसरलेला असतो. आमचे दोन आठवडे त्यातच गेले.

मेलमनच्या दुसऱ्या आवृत्तीवर असाल तर प्रत्येक यादीची पूर्ण एमबॉक्स फाइल सर्व्हरवर खाजगी संग्रहाच्या फोल्डरमध्ये असते. ती होस्टिंगवाल्यांकडून मागून घ्या. वेबवर महिन्यावार उतरवता येणाऱ्या मजकूर-फाइली दिसतात, त्यांवर समाधान मानू नका. त्यांत सभासदांचे पत्ते झाकलेले असतात आणि जोडलेली छायाचित्रं काढून टाकून त्यांच्या जागी नुसता दुवा ठेवलेला असतो. पत्ता गेला की पत्र कुणाचं ते जुळवता येत नाही, आणि पुढचं सगळं काम त्या जुळवणीवर अवलंबून आहे.

मालकही सापडत नाही आणि सर्व्हरही हाती नाही, अशी वेळ आली तर एखादा पत्रं न पुसणारा सभासद शोधा. प्रत्येक ग्रुपात असा एक तरी असतो. त्याने पत्रं थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये घेतलेली असतील तर ती मुळातच एमबॉक्स प्रकारात साठलेली असतात, फाइल तशीच उचलता येते. आमच्या संग्रहातली मधली एक मोठी फट अशाच एका बाईंच्या जुन्या लॅपटॉपने भरून काढली. त्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती, पण डिस्क शाबूत होती.

पत्रं उघडून बघा

नवखी माणसं ही पायरी वगळतात आणि मग निस्तरत बसतात. फाइल मिळाली की लगेच मंचावर ओतायची नाही. आधी एक दुपार तिच्यासोबत काढा.

प्रत्येक पत्राच्या वरच्या भागात, आपल्याला एरवी न दिसणाऱ्या ओळी असतात. त्यांत पत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक असतो आणि ते कुणाच्या उत्तरात लिहिलंय त्या पत्राचाही क्रमांक असतो. मंच याच क्रमांकांवरून धागे, म्हणजे एकेका चर्चेतल्या पत्रांच्या साखळ्या, विणतो. गोची अशी, की जुने काही मेल प्रोग्राम हा दुसरा क्रमांक लिहीतच नसत. त्यामुळे उत्तरं सुटी पडतात आणि एका चर्चेचे सात धागे होतात. डिस्कोर्सच्या आयात-स्क्रिप्टमध्ये, म्हणजे जुनी पत्रं मंचावर आणणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, अशा पत्रांना शीर्षकावरून एकत्र आणायची सोय आहे. ती जपून वापरा. आमच्याकडे "रविवारचा ट्रेक" या शीर्षकाची पत्रं इतक्या वेगवेगळ्या वर्षांतली होती, की ती सगळी एका महाकाय धाग्यात गेली असती. शेवटी ती सोय आम्ही बंद ठेवली आणि महत्त्वाचे तुटलेले धागे हाताने जोडले.

पत्रांच्या सीमाही बघा. एमबॉक्समध्ये नवं पत्र कुठे सुरू होतं हे एका ठरावीक इंग्रजी शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीवरून कळतं. पत्राच्या मजकुरातच तशी ओळ आली, तर एका पत्राची दोन होतात. ही चूक डोळ्यांना लगेच दिसते: लेखक नसलेलं, अर्ध्या वाक्यापासून सुरू होणारं पत्र.

तिसरी भानगड २०१४ नंतरच्या पत्रांत असते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या ईमेलसाठी कडक धोरण लावलं: याहूच्या पत्त्यावरून आल्याचं सांगणारं, पण याहूच्या सर्व्हरवरून न आलेलं पत्र परत पाठवा. फसव्या पत्रांसाठी ते ठीक होतं, पण मेलिंग लिस्टचं कामच मुळी दुसऱ्याचं पत्र त्याच्या नावाने पुढे पाठवायचं. पत्रं परतू लागली, याद्यांमधून लोक आपोआप वगळले जाऊ लागले. उपाय म्हणून याद्या पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून तिथे यादीचा पत्ता घालू लागल्या, आणि नावापुढे "यादीमार्फत" अशी जोड देऊ लागल्या. तुमच्या फाइलमध्ये अशी पत्रं असतील तर मंचाला वाटेल की ती सगळी एकाच माणसाने लिहिलीत. स्क्रिप्टमध्ये हे दुरुस्त करायचा पर्याय आहे, तो चालू करायचं लक्षात ठेवा.

आणि आपली, मराठी ग्रुपांची खास अडचण म्हणजे लिपी. जुन्या पत्रांत मराठी तीन रूपांत सापडते. युनिकोडमधली देवनागरी नीट येते. रोमन लिपीतली मराठी दिसते नीट, पण "टाकं" असा शोध घेतला तर ती सापडत नाही. यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाव्यवस्थेत मराठी संस्कृतीचा जो चर्चागट होता तिथली बहुतेक मराठी अशीच, आणि सुरुवातीच्या ईमेल ग्रुपांनी तीच सवय उचलली. तिसरं रूप सगळ्यांत वाईट: जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप करून चिकटवलेला मजकूर. तो फाँट नसेल तर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी दिसते. फाँट ओळखता आला तर परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये आणता येतो, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात, कुणीतरी नजर टाकायला हवी. सगळं दुरुस्त करायच्या मागे लागू नका. आम्ही वीसेक सर्वांत मोलाची पत्रं निवडली, ती हाताने नीट केली, आणि रोमन लिपीतल्या महत्त्वाच्या धाग्यांना देवनागरीत शीर्षकं दिली. एवढ्यानेही शोधात जमीन-अस्मानाचा फरक पडला.

सभासदांना विचारा

बंद ग्रुपात लिहिलेलं पत्र उघड्या मंचावर मांडणं म्हणजे घरातलं बोलणं चावडीवर नेणं. लोकांनी फोन नंबर लिहिलेले असतात, आजारपणाबद्दल लिहिलेलं असतं, कुणाशी तरी भांडलेलं असतं. आमचा ठराव असा झाला: जुना संग्रह फक्त सभासदांना दिसेल, नव्या चर्चा सगळ्यांना दिसतील. कुणाला आपलं जुनं लिखाण नको असेल तर ते काढायचं किंवा नाव झाकायचं. डिस्कोर्समध्ये सभासदाचं नाव निनावी करायची सोय आहे. त्यासाठी महिनाभराची मुदत दिली. फार थोड्यांनी ती वापरली, पण विचारल्यामुळे विश्वास बसला. ग्रुप आधीपासूनच उघडा असेल, त्याची पत्रं आजही वेबवर वाचता येत असतील, तर एवढं करायची गरज नाही. कळवलंत तरी पुरे.

मंच उभा करणं

यावर फार लिहीत नाही, कारण डिस्कोर्सची स्वतःची मांडणी-पुस्तिका स्पष्ट आहे. एक छोटा सर्व्हर लागतो. एक जीबी मेमरीवर तो कसाबसा उभा राहतो, दोन जीबी असेल तर निवांत चालतो. स्वतःचं डोमेन नाव लागतं. सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त आहे, डॉकर या तयार पेटीसारख्या व्यवस्थेतून सर्व्हरवर बसतं.

पैसे आणि लक्ष द्यायची जागा म्हणजे ईमेल पाठवण्याची व्यवस्था. अनेक क्लाउडवाले सर्व्हरवरून थेट ईमेल पाठवायची वाट बंद ठेवतात, म्हणून ईमेल पाठवणारी वेगळी सेवा घ्यावी लागते. डोमेनच्या नोंदींमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी घाला. ही पत्रं खरंच आमच्याकडूनच आली आहेत, याची ती ग्वाही असते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू याबाबत बरेच कडक झाले आहेत. नोंदी नसतील तर तुमचं पहिलंच निमंत्रण स्पॅममध्ये जाईल आणि लोकांना वाटेल, ग्रुप बंद पडला.

विभाग तीन किंवा चारच करा. आम्हाला जिल्हावार विभाग करायचा मोह झाला होता. तो आवरला ते बरं झालं. पंधरा विभागांतले बारा रिकामे दिसले की नवा माणूस मागे फिरतो. गरज पडली की विभाग वाढवता येतात, विषयांना खुणेचे शब्द लावता येतात.

रंगीत तालीम

पहिली आयात खऱ्या मंचावर करू नका. वेगळ्या, तात्पुरत्या मंचावर करा.

त्याआधी एक गोष्ट तपासा, परत तपासा, आणि दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या: मंचाचं ईमेल पाठवणं बंद आहे ना? डिस्कोर्समध्ये यासाठी स्वतंत्र ठेवण (सेटिंग) आहे. आमच्या तालमीच्या वेळी मी ईमेल पाठवणं आयात संपल्यावर लगेच चालू केलं, रांगेत काय उभं आहे हे न बघता. पहाटे साडेपाचला शेकडो लोकांना "तुमच्या चर्चेत नवं काय" असं पत्र गेलं, तेही अशा मंचावरून ज्याचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. दोघांनी तर आपलं खातं चोरीला गेलं असं समजून पासवर्ड बदलले. मला त्या दिवशी प्रत्येकाची माफी मागावी लागली.

एमबॉक्सची आयात-स्क्रिप्ट डिस्कोर्सबरोबरच येते. ती आधी सगळ्या पत्रांची सूची बनवते, मग धागे विणते, मग मंचावर आणते. नुसती सूची बनवून थांबायचाही पर्याय आहे. पहिल्यांदा तेवढंच करा आणि सूचीतले आकडे तुमच्या अंदाजाशी ताडून पाहा. एखाद्या वर्षात पत्रं एकदम कमी दिसली तर फाइल अपुरी आहे. शीर्षकात चौकटी कंसात येणारं ग्रुपचं नाव काढून टाकायला सांगा, नाहीतर प्रत्येक धागा त्याच शब्दाने सुरू होईल. लांबलचक उद्धृत मजकूर घडी घालून ठेवायला सांगा.

जुन्या लेखकांची खाती ही स्क्रिप्ट "राखीव" म्हणून बनवते. त्यांत पासवर्ड नसतो, फक्त ईमेल पत्ता असतो. तो माणूस त्याच पत्त्याने मंचावर आला की त्याची सगळी जुनी पत्रं आपोआप त्याच्या नावाखाली जातात. पंधरा वर्षांपूर्वीचं स्वतःचं पत्र स्वतःच्या पानावर पाहून आमच्या कितीतरी जणांनी आवर्जून कळवलं. मात्र पत्ता बदललेला असेल तर एका माणसाची दोन-तीन खाती होतात. कॉलेजचा पत्ता, पहिल्या नोकरीचा पत्ता, आताचा पत्ता. ती प्रशासकाला जोडता येतात. एक साधा तक्ता करा आणि सभासदांनाच आपले जुने पत्ते भरायला सांगा.

काकांची परीक्षा

आता ईमेलमधून उत्तर देता येईल अशी व्यवस्था. मंचाकडून जाणाऱ्या प्रत्येक पत्राला उत्तरासाठी एक वेगळा, गुप्त खूण असलेला पत्ता असतो. उत्तर त्या पत्त्यावर आलं की मंच ते बरोबर त्या धाग्यात लावतो. यासाठी एक स्वतंत्र मेलबॉक्स ठेवून मंचाला तो वाचायला सांगता येतो, किंवा येणारी पत्रं थेट सर्व्हरवर घेता येतात. नवख्याने पहिला मार्ग घ्यावा.

प्रत्येक विभागालाही स्वतःचा ईमेल पत्ता देता येतो. त्यावर पत्र पाठवलं की नवा धागा सुरू होतो. म्हणजे काकांना फक्त एक नवा पत्ता वहीत लिहून घ्यायचा आहे.

प्रत्येक प्रतिसाद ईमेलने मिळावा, अशी सभासदाला निवडता येणारी सोय मंचात आहे, पण ती मुळात बंद असते. प्रशासकाने ती आधी उघडावी लागते. आम्ही जुन्या सगळ्या सभासदांसाठी ती चालू करूनच दिली. ज्यांना नको त्यांनी बंद केली.

मग मी काकांना फोन केला आणि सांगितलं, "एक पत्र येईल, नेहमीसारखं उत्तर द्या." त्यांचं उत्तर मंचावर आलंच नाही. कारण सापडलं ते गमतीचं वाटेल, पण महत्त्वाचं आहे. काकांनी "धन्यवाद" एवढंच लिहिलं होतं, आणि मंचाला किमान वीस अक्षरांचा प्रतिसाद लागतो. ती मर्यादा आम्ही पाचवर आणली. दुसऱ्या वेळी उत्तर आलं, पण अर्धंच. काकांना आधीच्या पत्रातल्या प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर लिहायची सवय. उद्धृत भाग कापताना मंचाने मधली उत्तरंही कापली. यावर यंत्रात खात्रीचा उपाय सापडला नाही. "उत्तर सगळ्यात वर लिहा" असं त्यांना सांगितलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. तिसरं उत्तर जसंच्या तसं आलं.

मराठीसाठी आणखी काही ठेवणी बदलाव्या लागतात. शोधासाठी किमान तीन अक्षरं लागतात, आणि "गड" हा शब्द दोनच अक्षरांचा! आमच्या मंचावर "गड" शोधता येऊ नये? तो आकडा दोनवर आणला. धाग्याच्या शीर्षकालाही किमान पंधरा अक्षरं लागतात, तीही कमी केली. देवनागरीत सदस्यनाम घेता यावं म्हणून युनिकोड नावांची परवानगी द्यावी लागते. धाग्याच्या वेबपत्त्यात देवनागरी शीर्षक ठेवलं तर तो पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवताना टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होते. आम्ही पत्त्यात फक्त क्रमांक ठेवला.

नव्या खात्यांवर मंच बंधनं घालतो: पहिल्या दिवशी ठरावीकच धागे आणि प्रतिसाद, एका लिखाणात मोजकेच दुवे. अनोळखी माणसासाठी हे योग्यच. पण पंधरा वर्षं ग्रुपात असलेल्या माणसाला "तुम्ही नवीन आहात" असं सांगणं त्याला लागतं. आयात झालेल्या सगळ्यांची विश्वास-पातळी एका पायरीने वाढवून द्या.

तारीख

एकच तारीख ठरवा. "काही दिवस दोन्हीकडे चालू राहू दे" असं प्रेमाने सुचवलं जाईल. ऐकू नका. अर्धी माणसं इकडे, अर्धी तिकडे होतात आणि लोक सवयीच्या जागी परततात. गणपती, दिवाळी, परीक्षांचे दिवस टाळा. आमच्यासाठी पावसाळ्यातले ट्रेकही टाळायचे होते, कारण तेव्हा वाटांची चौकशी सगळ्यांत जास्त होते. आम्ही मे महिन्यातला रविवार घेतला.

महिनाभर आधी पहिलं पत्र, आठवडाभर आधी दुसरं, आदल्या दिवशी तिसरं. पत्रात तांत्रिक बाबी नकोत. काय बदलतंय, काय तसंच राहतंय, अडलं तर फोन कुणाला करायचा, इतकंच. आमच्या पत्राचं पहिलं वाक्य होतं, "तुम्ही ईमेलवरूनच लिहीत राहू शकता." रविवारी रात्री आठला ऑनलाइन भेट ठेवली. तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे साडेदहा वाजलेले असतात, त्यामुळे अमेरिकेतल्या सभासदांनाही येता आलं.

शुक्रवारी रात्री जुना ग्रुप वाचनमात्र केला. शनिवारी शेवटची प्रत उतरवून आयात पुन्हा चालवली. आधी आलेली पत्रं स्क्रिप्ट ओळखून वगळते, त्यामुळे फक्त मधल्या दिवसांची भर पडली. रविवारी निमंत्रणं पाठवली, तीही पन्नास-पन्नासच्या तुकड्यांनी. नव्या डोमेनवरून एकदम शेकडो पत्रं गेली की मेल सेवांना संशय येतो.

यादीचा पत्ता तुमच्या स्वतःच्या डोमेनवर असेल तर तो मंचाच्या विभागाकडे वळवा. जुन्या पत्त्यावर लिहिणाऱ्यांना काही बदललंय हे कळायचंही नाही. गूगल ग्रुपवर असाल तर असं वळवता येत नाही. तिथे ग्रुप तसाच ठेवा, लिहिण्याची परवानगी फक्त मालकाला ठेवा आणि पहिल्या पानावर नवा पत्ता द्या. ग्रुप पुसू नका. जुन्या पत्रांचे दुवे लोकांनी कुठे कुठे लिहून ठेवलेले असतात.

पहिले काही महिने

सुरुवातीला शुकशुकाट वाटतो, घाबरू नका. आम्ही चौघांनी आळीपाळीने रोज एक जुना, मोलाचा धागा वर काढला: "ही २००९ मधली चर्चा, या टाक्याची आता काय अवस्था आहे?" त्यावर माणसं बोलू लागली. नव्या धाग्यांपेक्षा या जुन्या धाग्यांनीच मंच हलता ठेवला.

परत आलेल्या पत्रांची यादी दर आठवड्याला बघा. ज्यांची पत्रं परततात त्यांना फोन करा. काहींचा पत्ता बदललेला असतो. दोघेजण आता हयात नाहीत हे आम्हाला असंच कळलं. त्यांची खाती आम्ही बंद केली नाहीत, फक्त ईमेल पाठवणं थांबवलं. त्यांनी लिहिलेल्या वाटा त्यांच्याच नावाने राहिल्या.

बॅकअप रोज आपोआप निघेल असं लावा आणि त्याची प्रत सर्व्हरबाहेर ठेवा. तीन महिन्यांनी एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून मंच खरंच उभा राहतो का ते पाहा. ईमेल बंद ठेवून. मूळ एमबॉक्स फाइल तीन सभासदांच्या घरी वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा आणि त्या तिघांची नावं सगळ्यांना माहीत असू देत.